मांडवडहाळ्यातला सरडा

यंदाही वैशाख आला, घरात पुन्हा लग्न निघालं आणि माझ्या कपाळाला आठी पडली ती अजून गेलेली नाही. लग्नसराई आली की लोकांना आमरस आठवतो, बुंदी आठवते, वरातीत नाचलेली मामेबहीण आठवते. मला सरडा आठवतो. आठवतो म्हणजे काय, आठवण करून दिली जाते. पाहुणा अंगणात पाय ठेवतो, पाण्याचा पेला तोंडाला लावतो आणि कोपऱ्यातल्या मोवईच्या झाडाकडे बोट करून विचारतो, “हेच का थे झाड? सरड्यावालं?” मी हो म्हणते आणि चहा टाकायला आत जाते. दुसरं करणार काय?

लग्न आमच्या वैष्णवीचं, म्हणजे माझ्या धाकट्या दिराच्या मुलीचं. शेलूबाजारहून जीपनं आत आलं की डांबर संपून मुरूम लागतो, तिथं आमचं गाव. मी शेलूबाजारच्या शाळेत मराठी शिकवते, त्यामुळं त्या मुरमाची धूळ रोज खाते. शेतं संपली की जंगल सुरू होतं. जंगल म्हटलं की कॅलेंडरवरचं हिरवंगार काहीतरी डोळ्यांपुढं आणू नका. आमचं जंगल म्हणजे पळस, सालई, मोवई, धावडा आणि मधे हात घालाल तिथं बोराटीचे काटे. वैशाखात त्यातली निम्मी झाडं अशी उघडी पडतात की बाहेरच्या माणसाला वाटावं, आग लागून गेली. तिथूनच आमच्या अंगणात आलेलं हे झाड.

आणि त्यावरूनच यंदा भांडण. डेकोरेशनवाला आला, कमरेवर हात ठेवून अंगणभर फिरला, मोबाईलवर फोटो दाखवले. प्लास्टिकच्या पानांची भिंत, प्लास्टिकची वेल, वरून लोंबणारी प्लास्टिकची फुलं आणि खाली हळदीची बैठक. मग मोवईपाशी येऊन थबकला.

“वैनी, हे वाळलेलं झाड मधात येऊन राह्यलं. फोटोत लय खराब दिसंन. काढून टाका.”

“वाळलेलं नाई थे,” मी म्हटलं. “मोवई हाय. वैशाखात अशीच राह्यते. पाणी पडलं का पालवते.”

“पन लग्न त वैशाखात हाय ना.”

आता याला काय बोलावं? लग्न वैशाखात आहे म्हणून झाडानंही वैशाखातच नटावं, अशी त्याची अपेक्षा. आमचे हे लगेच मान डोलवायला लागले. दीर कुऱ्हाड शोधायला उठला. वैष्णवीनंसुद्धा नाक मुरडलं, “मोठीआई, त्याच्यावर सरडे असतात. माझ्या अंगावर पडला म्हंजे?” आणि ओसरीवरच्या बाजेवरून आत्याबाईंचा आवाज आला, “काढा, काढा. मी त कवाची सांगून राह्यली.”

आत्याबाई म्हणजे यांच्या आत्या. ऐन तरुणपणी नवरा गेला, माहेरी परत आल्या आणि घराच्या किल्ल्या कमरेला लावून बसल्या त्या आजतागायत. माझी सासू लग्नाआधीच गेलेली, त्यामुळं मला सासू मिळाली ती हीच. मुहूर्त, शकुन, अपशकुन, कोणत्या वारी नख कापायचं, कोणत्या वारी कापायचं नाही, सगळा कारभार यांच्याकडे. घरातल्या पंचांगाच्या कडा त्यांच्याच बोटांनी काळ्या झाल्यात.

झाडावर सरडे असतात, हे वैष्णवीचं खरं आहे. मी कुठं नाही म्हणते? सरडे झाडावर नाही राहणार तर काय शेलूबाजारच्या लॉजवर राहणार?

माझ्या लग्नात मांडव हिरवा होता. पंचवीसेक वर्षं झाली. लग्न मुलाकडे, म्हणजे याच अंगणात. मी कामरगावची, कापडदुकानदाराची मुलगी. झाड म्हणजे काय ते मी साडीच्या काठावर जास्त पाहिलेलं. आमच्या भागात मांडवावर टाकायच्या हिरव्या फांद्यांना मांडवडहाळे म्हणतात, आणि ते आणायचा मान घरच्या जावयाचा. वाजतगाजत गाडी येते, जावयाला टोपी-उपरणं मिळतं, जावई मिशीला पीळ देतो. आमचे जावईबुवा, म्हणजे माझ्या नणंदेचे यजमान, अकोल्याला ऑफिसात बसणारे. त्यांना आंबा आणि बाभूळ सोडली तर सगळी झाडं सारखी. पण मान तो मान.

त्यात आत्याबाईंचा नियम. डहाळे तोडायचे ते सूर्य उगवायच्या आत. उन्हं लागली की पान मलूल होतं, मांडव दुपारपर्यंत टिकत नाही. नियमात तसं चूक काही नाही. फक्त त्या वेळी झाडावर कोण झोपलेलं असतं, हे नियम करणाऱ्यांनी कधी पाहिलेलं नसतं.

हे मला खूप नंतर कळलं, अंगणातल्या झाडाकडे पाहून पाहून. सरडा रात्री खोडावर झोपत नाही. अगदी बारीक डहाळीच्या टोकावर जाऊन झोपतो, जिथं त्याचंच वजन कसंबसं पेलतं. शेपटी खाली सोडलेली, डोळे मिटलेले, अंगाचा रंग उडून पांढुरका झालेला. साप नाहीतर मांजर वर चढलं की डहाळी हलते आणि याला जाग येते. शहाणपणाची जागा आहे ती. आणि पहाटे अंग इतकं गार असतं की हातानं उचलला तरी पळत नाही. म्हणजे जावईबुवांनी अंधारात पळसाच्या, करंजाच्या, जांभळाच्या फांद्या खुडल्या त्या नेमक्या बिछान्यासकट. गाडी भरून झोपलेले सरडे त्यांनी ढोलताशाच्या गजरात लग्नघरी आणले आणि वर टोपी-उपरणं घेतलं.

शिवाय मेढ चुकीची आणली, ते वेगळंच. आमच्याकडे मुहूर्तमेढ सालईची लागते. जावईबुवांनी मोवईची तोडली. दोन्ही झाडं उघडी, दोन्ही भुरकट, त्यांना काय कळणार? आत्याबाईंच्या ध्यानात आलं तोवर पूजा होऊन मेढ रोवलेली. रोवलेली मेढ उपटता येत नाही. “जावयाले झाडं वळखाले लावलं, चुकी माहीच हाय,” असं म्हणून त्यांनी तो दिवस चिडचिडीतच सुरू केला.

त्या मांडवाचा वास मात्र मला अजून येतो. चिरलेल्या फांदीचा ओला, किंचित कडवट वास, त्यात हळदीचा, त्यात बायकांच्या केसातल्या मोगऱ्याचा. मी पाटावर बसले होते आणि पानांतून गाळलेलं ऊन पायावर पडत होतं. मी घाबरलेली होते, पण त्या सावलीत बरं वाटत होतं. वर कोण जागं होतंय याची मला काय कल्पना? ऊन चढत गेलं, तसे ते एकेक जागे झाले. झोपताना आपल्या झाडावर होतो आणि डोळे उघडले तर खाली ढोल, हळद आणि शंभर बायका, असं झाल्यावर कोणीही गडबडणारच.

माझ्या डोक्यावर काहीतरी पडलं. फार जड नाही, पिकलेलं बोर पडावं इतकंच. मग त्याला पाय आहेत हे कळलं.

“हालू नको वं!” आत्याबाई ओरडल्या. वाजंत्री थांबली. सरडा माझ्या भांगावर क्षणभर बसला, मग कानावरून, खांद्यावरून उतरून पसार झाला. आणि त्यानंतर जो काही वाद सुरू झाला, तसा कोर्टातही होत नसेल.

“पाल होती का सरडा?”

“सरडा व्हता. म्या पाह्यला.”

“उजव्या अंगानं उतरला का डाव्या?”

“पह्यले पडला का पह्यले चढला? चढला असंन त फळ येगळं राह्यते.”

“नवरीच्या डोक्शावर पडला माय, हे कायचं लक्षन म्हनावं?”

माझ्या डोक्यावर पडला होता, पण मला कोणी एका शब्दानं विचारलं नाही की बाई, ओरखडा तर नाही ना उठला. माझे वडील मांडवाच्या खांबाला धरून उभे होते. सगळ्या गावाला हसत हसत साड्या विकणारा माणूस, पण त्या दिवशी नुसता एकेकाच्या तोंडाकडे बघत होता. मुलाकडचे लोक बाजूला जाऊन कुजबुजत होते. लग्न मोडतं की राहतं, हे त्या कुजबुजीवर होतं आणि ते सगळ्यांना कळत होतं. मी पाटावर हळद माखून बसले होते आणि मनात म्हणत होते, अरे मेल्या, एवढ्या मांडवात तुला माझंच डोकं सापडलं?

शेवटी निकाल दिला आत्याबाईंनी. सरडा ज्या झाडावरून आला, त्या झाडावर त्याला नेऊन सोडायचा. म्हणजे आलेलं अरिष्ट आल्या वाटेनं परत. नवरीला पुन्हा न्हाऊ घालायचं आणि हळद नव्यानं लावायची. झालं, सरडा शोधायला सगळे मांडवावर चढले. आणि शोधायला लागले तर काय, जिकडे तिकडे सरडेच सरडे!

“हाच का थो?”

“त्याची मुंडी लाल व्हती.”

“बाई, इथं तिघायची मुंडी लाल हाय!”

“मंग थो कोनता?”

“त्याच्या तोंडावर लिवलं हाय का?”

त्या दिवसांत नराची मान-मुंडी लालच होते, त्याच्याही लग्नसराईचे दिवस असतात. पण हे तेव्हा कोणाला सांगणार? जो हाताला लागला तो आरोपी ठरला. चिवड्याच्या रिकाम्या डब्यात घालून, झाकणाला भोकं पाडून जावईबुवांच्या हाती दिला. नवी टोपी घातलेले जावईबुवा डबा पोटाशी धरून मोटरसायकलवर जंगलाकडे गेले. इकडे आम्ही सगळे थांबलो. दुपार डोक्यावर आली तेव्हा ते घामानं निथळत परत आले. डबा तसाच पोटाशी.

“बाई, झाडच नाई राह्यलं,” ते आत्याबाईंना म्हणाले. “साऱ्या फांद्या त आपुनच आनल्या. नुसतं खोड उभं हाय उन्हात. कुठं ठिऊ त्याले?”

आत्याबाईंनी डब्याकडे पाहिलं, मग मांडवाकडे, मग चुकून आलेल्या त्या मोवईच्या मेढीकडे. “ठिव तिच्यावर,” त्या म्हणाल्या. “जंगलातलीच हाय थे बी.”

झाकण उघडलं तेव्हा तो आत मेल्यासारखा पडला होता. मेढीवर ठेवल्यावर बराच वेळ हलला नाही. मग एक पाय उचलला, मग दुसरा, आणि हळूच मागच्या बाजूला, सावलीत गेला. माझ्या लग्नाचा त्यानं विचका केला होता, मला त्याचा संताप यायला हवा होता. पण मला त्याची कीव आली. थोडी माझीही आली. दोघांनाही परत जायला आता फांदी नव्हती.

लग्न लागलं. आणि मग सरडा या घरात कायमचा राहायला आला. मोटर जळाली, सरडा. सोयाबीन पिवळं पडलं, सरडा. आमचे हे गाडी चालवताना दुसऱ्याच्या शेतातली तूर बघत होते म्हणून बांधावरून पडले आणि पाय मोडला, तरी सरडाच. म्हैस आटली तर म्हैस म्हातारी झाली होती हे कोणी लक्षात घेईना. वर आत्याबाईंचं ठरलेलं वाक्य, “डब्यात गेला थो दुसराच असंन. खरा त मांडवातच राह्यला.” म्हणजे चूक जावयाची, झोप सरड्याची आणि खातं माझ्या नावावर.

माझ्या शाळेत रिठदची वंदना आहे, गणित शिकवते. तिच्यापाशी मी हे सगळं ओकते. ती बौद्ध समाजातली. मी एकदा म्हटलं, तुझं बरं आहे बाई, तुमच्यात पंचांगच नाही. तर ती हसली, “पंचांग नाई, पन सासू त हाय ना! काई बिघडलं का म्हनते, आज सकाळी कोनाचं तोंड पाह्यलं व्हतं? घरात मी एकटीच सकाळी उठतो, म्हंजे तोंड कोनाचं? सरडा नसला त दुसरं काई सापडते वं.” त्या दिवशी आम्ही दोघी स्टाफरूममध्ये बसून पोट धरून हसलो.

पण सगळ्यावर हसता आलं नाही. मूल व्हायला उशीर झाला. त्या वर्षांत मात्र तोंडानं कोणी सरडा म्हणालं नाही. नुसतं माझ्या डोक्याकडे पाहायचे, भांगाकडे. ते पाहणं मला बोलण्यापेक्षा जास्त लागलं. मी न्हाणीत बसून रडायचे आणि केस धुवायचे. धुतलेले केस पुन्हा धुवायचे, तो अजून तिथंच बसलाय आणि पाण्यानं निघेल असं वाटून. पुढं मुलगा झाला. तेव्हा सरड्याचं नाव कोणी काढलं नाही. ते देवाच्या कृपेनं झालं!

त्या पहिल्या उन्हाळ्यात मला या घरात सोबत होती ती त्या मेढीची. मांडव परतून उतरेपर्यंत मेढीला पाणी घालायचं काम नव्या सुनेचं. मी रोज संध्याकाळी बादली घेऊन जायची. तेवढा वेळ कोणी हाक मारत नसे. एके दिवशी पाहते तर मेढीच्या बुडाशी, मी ओली केलेल्या मातीत, एक पोट फुगलेली सरडी पुढच्या पायांनी खड्डा उकरतेय. मी बादली घेऊन तशीच उभी. “तुले बी हेच घर सापडलं का?” मी चक्क खेकसले तिच्यावर. तिनं एका डोळ्यानं माझ्याकडे पाहिलं आणि काम चालू ठेवलं. अंडी घातली, माती लोटली, डोक्यानं थापटून दाबली आणि गेली. आख्ख्या गावात तेवढीच जागा मऊ होती, ओली होती. मी कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर आत्याबाईंनी त्यातूनही काहीतरी काढलं असतं.

मांडव उतरला, फांद्या वाळून सरपणात गेल्या. मेढ तेवढी राहिली, कारण जावईबुवांनी ती भलतीच खोल रोवली होती आणि उपटायला कोणाला सवड नव्हती. मी पाणी घालत राहिले. मिरगाचं पाणी पडलं आणि त्या भुंड्या मेढीला कोंब फुटले. लालसर, चिकट, नखाएवढे. आत्याबाई अंगणात आल्या आणि पाहतच राहिल्या. मेढ पालवणं म्हणजे तर मोठा शुभशकुन! आता आली का पंचाईत? डोक्यावर सरडा पडलेला वाईट, मेढ पालवलेली चांगली. दोन्ही एकाच सुनेच्या खात्यावर. काही दिवस त्या गप्पच होत्या. मला वाटलं, सुटले. पण कुठलं काय, शुभशकुन त्यांनी घराच्या नावावर लावला आणि अपशकुन माझ्याकडे ठेवला.

आषाढात एका सकाळी त्या कोंबांवर काडीसारखी बारीक पिल्लं दिसली. काडीच वाटली होती, मग काडीनं मुंगी खाल्ली. मी आजूबाजूला कोणी नाही असं पाहून खूप वेळ तिथं उभी राहिले. पोळी करपली, बोलणी खाल्ली. चालतंय.

तेव्हापासून मी या झाडाखाली भाजी निवडते, वह्या तपासते, भांडून आले की बसते. आपण झाड म्हणतो तेव्हा एकच वस्तू म्हणतो. सरड्याचं तसं नाही. सकाळी त्याला उगवतीकडची फांदी लागते, अंग तापवायला. उन्हं चढली की खोडाची मागची बाजू. तुम्ही फिराल तसा तोही खोडाभोवती फिरतो, मधे खोड ठेवून. दुपारी तो सालीच्या फटीपाशी असतो, तिथं बोट लावलं तरी गारवा कळतो. संध्याकाळी मुंग्यांची वाट, रात्री डहाळीचं टोक. सुटलेल्या सालीखाली पाली राहतात, त्यांचं वेगळं. बुडाशी पाचोळा साठतो, त्यात तुकतुकीत सापसुरळी असते, झाडू लावला की सुळकन निघते आणि आमची धाकटी जाऊ किंचाळते. एवढ्याशा झाडात सगळ्यांच्या खोल्या ठरलेल्या आहेत, आणि आम्ही तीन भावांत एका ओसरीसाठी बोलत नाही.

तर हे झाड, फोटोत खराब दिसतं म्हणून, काढायचं म्हणे! माझं टाळकंच सरकलं. चिडले की माझं शाळेतलं मराठी गळून पडतं. “खबरदार कुऱ्हाड लावली त! माह्या लग्नाची मेढ हाय थे. मेढ तोडून लग्न करतेत का कोनी? झाड गेलं त मी बी या लग्नात उभी नाई राहनार, मंग करा सैपाक तुमचा तुमी!” सैपाकाचं म्हटल्यावर दिरानं कुऱ्हाड जागेवर ठेवली. आत्याबाई मात्र बाजेवरून बोलल्याच, “राहू दे मंग. पन पोरीवर काई पडलं त लक्षात ठिवजो.”

ते मी लक्षात ठेवणारच होते. दुसरं कोण ठेवणार? झाड वाचलं, पण रात्रंदिवस एकच भीती मनात बसली. पोरीच्या डोक्यावर काही पडू नये. लागेल म्हणून नाही, सरड्यानं काय लागतं? पडलेलं उतरत नाही म्हणून. नवं घर, नवी माणसं, आणि त्यांच्या तोंडी आयुष्यभर पुरेल असा एक सरडा मी माझ्या हट्टापायी तिला आंदण द्यायचा का?

डेकोरेशनवाल्यानं तोडगा काढला. म्हणाला, झाड राहू द्या, मी हिरवं करून देतो. हळदीच्या सकाळी त्यानं मोवईला बुडापासून शेंड्यापर्यंत हिरवी जाळी गुंडाळली, घट्ट. त्यावर प्लास्टिकची पानं, त्यावर दिव्यांच्या माळा. “घ्या वैनी, झालं का नाई?” त्याला इतका आनंद झाला होता की मला त्याच्या कानशिलात द्यावीशी वाटली. ज्या खोडाच्या मागं सावलीत जायचं, त्या खोडावर पाय ठेवायला जागा नाही. सालीची फट बुजली. मी म्हटलं, “बावा, थोडी जाळी तरी ढिली ठिव.” तो म्हणाला, “फिनिशिंग जाते.”

ऊन चढलं. मुलाकडच्या बायका उष्टी हळद घेऊन आल्या, विहीणबाई पुढच्या खुर्चीवर बसल्या. वैष्णवी पिवळ्या साडीत पाटावर, मागं ती प्लास्टिकच्या पानांची भिंत. गाणी कर्ण्यावर. व्हिडिओवाला अंगणाबाहेर ड्रोनशी झटत होता. मी हळदीची वाटी घेऊन उभी, पण डोळे झाडाकडे. आणि दिसलाच. जाळीतून कुठून तरी वाट काढून शेंड्याला आलेला, उन्हानं तोंड उघडून धापा टाकणारा. तो दिव्यांच्या वायरीवर उतरला. वायरीवरून सरळ त्या भिंतीच्या वरच्या कडेला. एका पानावर पाय ठेवला, घसरला. दुसऱ्यावर ठेवला, घसरला. जन्मभर खऱ्या पानांवर वावरलेला प्राणी, त्याला काय माहीत हे पान धरून ठेवत नाही म्हणून? मी ओरडू शकत नव्हते. ओरडले असते तर सगळ्यांनी वर पाहिलं असतं. मी वाटी घेऊन वैष्णवीजवळ सरकले, अजून सरकले.

तो पडला. बरोबर तिच्या डोक्यावर.

तोंडाला हळद लावत होते म्हणून पोरीनं डोळे घट्ट मिटलेले. लावणारी खाली वाकून तिच्या पायांकडे वळलेली. मैत्रिणी मोबाईलमध्ये. मी काय केलं ते माझं मलाच नीट कळलं नाही. वाटी हातातून सुटली, दोन्ही हातांनी मी तो उचलला, स्वतःच्या खांद्याशी धरला आणि किंचाळले, “अवं माय वं! माह्या अंगावर पडला! माह्या!”

गाणं थांबलं. विहीणबाई ताडकन उठल्या. “काय पडलं? कोनावर? नवरीवर त नाई ना पडलं?”

कोणी पाहिलंच नव्हतं. विहीणबाईंची नजर फिरली आणि घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसावर जाऊन थांबली. आत्याबाई भिंतीशी, बायकांपासून वेगळ्या खुर्चीवर बसल्या होत्या. विधवा म्हणून हळदीच्या कार्यात त्या कधी जवळ येत नाहीत, लांबून कारभार बघतात. तोंड आमच्याकडेच. आणि मोतीबिंदू काढल्यापासून त्यांना असं दिसतं की सुईत दोरा माझ्याआधी त्या ओवतात. त्यांनी पाहिलं होतं. माझ्याकडे त्यांनी ज्या डोळ्यांनी पाहिलं, त्यावरून मला कळलं की सगळं पाहिलं होतं. माझ्या हातात तो हळद माखलेला सरडा धडधडत होता. मी मनात म्हटलं, आत्याबाई, पंचवीस वर्षं मी गप राहिले. आज तुम्ही राहा.

त्या गप राहिल्या नाहीत.

“नवरीवर कायले पडते, इहिनबाई?” त्या म्हणाल्या. “मोठ्या सुनेवर पडला. म्या माह्या डोयानं पाह्यलं. थो तिच्यावरच पडते. तिची अन् त्याची जुनी वळख हाय.”

बायका खो-खो हसल्या. विहीणबाईही हसल्या आणि खाली बसल्या. वैष्णवीनं डोळे उघडून विचारलं, “काय झालं, मोठीआई?” मी म्हटलं, काही नाही, तू डोळे मीट. कर्णा पुन्हा सुरू झाला. मी झाडापाशी गेले, फिनिशिंगचा विचार न करता जाळी टरटर फाडली आणि त्याला खोडावर ठेवला. पिवळाजर्द झाला होता. क्षणभर थांबला, मग खोडाला वळसा घालून मागच्या बाजूला, सावलीत गेला.

परत आले तर माझी वाटी घरंगळत आत्याबाईंच्या पायाशी गेली होती. मी उचलायला वाकले, तर त्यांनी आधीच उचललेली. त्यांची बोटं हळदीनं भरली होती, आणि त्यांनी ती पुसली नाहीत. मी वाकलेलीच होते. त्यांनी तो हात माझ्या डोक्यावर ठेवला, भांगावर, आणि बराच वेळ काढला नाही.

सकाळीच न्हायले होते मी, सगळं डोकं पिवळं करून ठेवलं. त्या दिवशी मी केस धुतले नाहीत.